घडीची ई-सायकल घेण्याआधी ती उचलून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही पुण्यात बावधनला तिसऱ्या मजल्यावर राहता, इमारतीला लिफ्ट नाही. ऑफिस खराडीत. वनाझ ते रामवाडी मेट्रो आहे, पण घर ते वनाझ आणि रामवाडी ते ऑफिस या दोन टोकांना रोज रिक्षा शोधण्यात वेळही जातो आणि पैसाही. म्हणून घडीची ई-सायकल घ्यायचं मनात आहे. मोटर किती वॅटची, रेंज किती हवी, पावसाचं काय, आणि घरात बॅटरी चार्ज करायची म्हटल्यावर सासूबाई घाबरतात त्यांना काय सांगावं, असं तुम्ही विचारलंय.

मी २०१८ पासून घडीची ई-सायकल रोज वापरते. राहते वारज्याला, नोकरी येरवड्याच्या बाजूला, काम इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत. रविवारी आसपासच्या लोकांच्या ई-सायकली माझ्या पार्किंगमध्ये दुरुस्तीला येतात, त्यामुळे माझ्या सायकलीखेरीज आणखी बऱ्याच सायकलींची दुखणी बघून झाली आहेत. त्या अनुभवावरून सांगते: तुमचं निभेल. पण मोटर आणि रेंज हे प्रश्न तुम्ही पहिले विचारलेत, ते माझ्या मते शेवटचे आहेत. घडीची ई-सायकल टिकते की चार महिन्यांत गॅलरीत धूळ खात पडते, हे ती चालवताना ठरत नाही. जिन्यात, मेट्रोच्या लिफ्टपाशी, ऑफिसच्या दारात, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, म्हणजे आपण तिच्यावर बसलेलो नसतो तेव्हा ठरतं.

हे मला पहिल्या सायकलीने शिकवलं. ती २३ किलोची होती. दुकानात चालवून बघितली, झकास पळाली, घेतली. घरी आणल्यावर पहिल्याच संध्याकाळी कळलं की हे ओझं एका हाताने उचलून दुसऱ्या हाताने कुलूप उघडता येत नाही. मग ती खाली पार्किंगमध्येच राहायला लागली, आणि खालीच राहणाऱ्या सायकलीला घडी कशाला हवी? चौदा महिन्यांनी विकली. आत्ताची बॅटरीसकट १७ किलोची आहे, बॅटरी काढली की साडेचौदा. ऐकायला फरक सहा-आठ किलोंचा, पण मनगटाला तो रोज दोनदा जाणवतो.

तुमच्या तिसऱ्या मजल्याचा हिशोब आजच करून बघा. पाण्याची २० लिटरची भरलेली बाटली घ्या, तिचं वजन वीस किलोंच्या थोडं वरच भरेल. ती घेऊन तीन मजले चढा. एकदा चढणं अवघड नाही. ऑफिसहून दमून आल्यावर, खांद्यावर बॅग असताना, आठवड्यातून पाच दिवस हे होईल का, तेवढं स्वतःला विचारा. नाही वाटलं तर त्यावरही उपाय आहे, पुढे सांगते. पण हा प्रयोग न करता पैसे भरू नका.

वजनाइतकीच महत्त्वाची, आणि दुकानात कुणीही न सांगणारी गोष्ट म्हणजे घडी घातल्यावर सायकल ढकलत नेता येते का. काही सायकलींची घडी लहान होते, पण ती फरशीवर नुसती पडून राहते, दहा पावलं न्यायची तरी उचलावीच लागते. काहींची अशी रचना असते की घडी घातल्यावर दोन्ही चाकं शेजारीशेजारी जमिनीला टेकतात आणि सीटचा दांडा धरून ती बॅगेसारखी सोबत चालते. मेट्रोच्या स्टेशनात दीडशे पावलं चालायची असतात तेव्हा या एका गुणापुढे बाकी सगळे गुण फिके पडतात. ब्रॉम्प्टनचं उदाहरण देते. लंडनच्या अँड्र्यू रिची यांनी १९७०च्या दशकात ती सायकल घडवायला घेतली, आणि त्यांच्या घरातून दिसणाऱ्या ब्रॉम्प्टन ऑरेटरी या चर्चवरून तिला नाव दिलं. तिची घडी घातली की साखळी दोन चाकांच्या मध्ये दडते, म्हणजे कपड्यांना काळं लागत नाही, आणि ती छोट्या चाकांवर ढकलता येते. पुढे तिला मोटर बसवली, तेव्हाही बॅटरी सायकलीत न कोंबता पुढच्या वेगळ्या पिशवीत ठेवली. सायकल एका हातात, बॅटरी खांद्याला. ती महाग आहे, तुम्ही तीच घ्या असं मुळीच म्हणत नाही. पण कुठलीही सायकल बघताना याच दोन गोष्टी शोधा: घडी घालून ढकलता यावी, आणि बॅटरी एका झटक्यात सुटी व्हावी. काही सायकलींत बॅटरी मधल्या दांड्याच्या पोटात असते, ती काढायला आधी सायकल अर्धी घडी करावी लागते. ते चालतं. स्क्रू काढून बॅटरी बाहेर येत असेल तर मात्र ती सायकल तुमच्यासाठी नाही.

घडी दहा सेकंदांत होते असं दुकानदार दाखवतात. त्यांची सायकल मोकळी असते. तुमच्या सायकलीवर बॅग असेल, आरसा असेल, हँडलला डब्याची पिशवी असेल, हात घामेजलेले असतील. मला आजही पाऊण मिनिट लागतं, आणि तेवढं पुरे आहे. क्रम मात्र ठरवून टाका: बॅग खाली, पेडल आत, हँडल खाली, मधली बिजागरी, शेवटी सीट. रोज तोच क्रम ठेवला की हात आपोआप चालतात. घडीचे दोन भाग धरून ठेवायला सायकलीत चुंबक असतं, पण ते जिन्यात सुटतं आणि पुढचं चाक पोटरीवर आपटतं. जुन्या सुटकेसचा पट्टा बांधा. आणि शिंप्याकडून जाड कापडाची एक खोळ शिवून घ्या, खालून उघडी, वरून दांडा बाहेर येईल अशी. खोळ घातलेली सायकल ऑफिसात नेताना अडवणूक कमी होते, शेजारच्याच्या पँटला ग्रीस लागत नाही, आणि घरात ती कोपऱ्यात उभी राहिली तरी डोळ्यांत खुपत नाही. माझी खोळ पाच वर्षांची आहे.

आता मेट्रो. पुण्याच्या मेट्रोत सायकल नेता येते, हे या शहराचं भाग्यच. वनाझ ते रामवाडी हा मार्ग पूर्ण झाला तो ६ मार्च २०२४ ला, रुबी हॉलपासून पुढचा तुकडा सुरू झाल्यावर. त्याआधी मी सगळं अंतर सायकलीनेच कापायचे. हा सगळा मार्ग उन्नत आहे, म्हणजे प्रत्येक स्टेशनला वर चढायचंच आहे. तिथे लिफ्ट वापरा, आणि रांगेत आजी-आजोबा किंवा व्हीलचेअर असेल तर त्यांना आधी जाऊ द्या. सरकत्या जिन्यावर ही सायकल नेऊ नका. सतरा किलो मागच्या माणसावर कलंडले तर त्याचा पाय मोडेल. घडी रस्त्यावरच घाला, आत गेल्यावर नको. सुरक्षा तपासणीला बॅटरी दिसली की चौकशी होते, म्हणून सायकलीच्या बिलाचा आणि बॅटरीवरच्या लेबलचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, आणि पहिल्यांदा जाताना गर्दी नसलेल्या वेळी जाऊन स्टेशनवरच्या कर्मचाऱ्यांशी बोलून घ्या. लंडनमध्ये बॅटरीच्या आगीनंतर ३१ मार्च २०२५ पासून भुयारी रेल्वेत ई-सायकली नेण्यावर बंदी आली, घडीच्या सायकलींना मात्र त्यातून वगळलं. आपल्याकडे ही मुभा टिकायची तर वापरणाऱ्यांनी ती जपायला हवी. डब्यात शिरल्यावर दारापासून लांबच्या कडेला, दोन पायांत धरून उभी करा. गाडी ब्रेक लावते तेव्हा चाकांवरची सायकल घसरते, म्हणून पट्टा दांड्याला अडकवा.

तुमचं बावधनकडचं टोक चढाचं आहे. सकाळी वनाझकडे उतार, संध्याकाळी कोथरूड डेपोपासून चांदणी चौकापर्यंत चढ. चांदणी चौकातला जुना पूल २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये पाडला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये नवीन रचना खुली झाली. तिथे इतके रॅम्प आहेत की सायकलवाला चुकून वेगाने धावणाऱ्या गाड्यांच्या मध्ये जाऊन पडतो. रविवारी सकाळी लवकर जाऊन वाट नक्की करा, मग संध्याकाळच्या गर्दीत उतरा.

या चढासाठी मोटर किती हवी? २५० वॅट पुरते. कायद्याचीही हद्द तीच आहे: मोटर २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तर अशा सायकलीला नोंदणी आणि लायसन्स लागत नाही. वेगाची मर्यादा उघडून देतो म्हणणारे भेटतील, त्यांना नाही म्हणा. ती मर्यादा ओलांडली की ते कायद्याच्या दृष्टीने मोटार वाहन होतं, आणि छोट्या चाकांवर, घडीच्या दांड्यावर त्या वेगाने जाणं धोक्याचंही आहे. २५० वॅट ऐकून मन कचरतं, पण लहान चाकाचा इथे फायदा होतो. तीच मोटर २८ इंचांच्या चाकात बसवली त्यापेक्षा २० इंचांच्या चाकात तिचा रेटा सुमारे १.४ पट मिळतो. फक्त चढावर तिला एकटीला राबवू नका. चाकातली मोटर अगदी कमी वेगात जोर लावायला लागली की वीज ताकदीऐवजी उष्णतेत जाते. चढ सुरू होण्याआधीच हलका गिअर टाका, पाय भरभर फिरवा, मोटरला वेगात ठेवा.

मोटर पायांना साथ कशी देते तेही बघा. स्वस्त सायकलीत पेडल फिरतंय एवढंच कळणारा सेन्सर असतो, त्यामुळे मोटर अर्धा फेरा उशिरा जागी होते आणि पाय थांबल्यावरही क्षणभर ओढत राहते. पायाचा जोर मोजणारा सेन्सर महाग, पण तो असला की सायकल अंगासारखी वागते. रामवाडी ते खराडी हा तुमचा पट्टा गर्दीचा आहे, तिथे अर्धा फेरा उशीर म्हणजे सिग्नल सुटल्यावर मागच्या बसचा हॉर्न. परवडत असेल तर इथे पैसे घाला. नसेल तर ब्रेकच्या दांडीला मोटर बंद करणारा स्विच आहे ना, एवढं तरी नक्की बघा, आणि गर्दीत बोट कायम ब्रेकवर ठेवा.

रेंजबद्दल. जाहिरातीतले किलोमीटर विसरा, वॅट-अवर विचारा, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते ते. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर: ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवर म्हणजे ३६० वॅट-अवर. माझ्या सायकलीला मी मीटर लावलाय. पाय चालवत गेलं तर किलोमीटरला ९ ते ११ वॅट-अवर लागतात, नुसत्या मोटरवर १५ च्या आसपास. चढाची भीती वाटते त्यांच्यासाठी: माणूस, सायकल आणि बॅग मिळून १०० किलो धरले, तर ते वजन ५० मीटर वर न्यायला जेमतेम १४ वॅट-अवर लागतात, मोटरची गळती धरून वीसेक. तुमचं दोन्ही टोकांचं मिळून येणं-जाणं २० किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे दिवसाला २२० ते २५०. तेव्हा ३६० ची बॅटरी घ्या. २८० ची आज पुरेल, पण बॅटरी दरवर्षी थोडी आटते. साधारण ५०० ते ८०० पूर्ण चार्जनंतर ती मूळच्या ८० टक्क्यांवर येते असं धरा, तेव्हा २८० ची अपुरी पडेल आणि ३६० ची तरीही तुम्हाला घरी आणेल. त्याहून मोठी नको. पाचशे-सहाशे वॅट-अवरची बॅटरी म्हणजे रोज जिन्यातून नेण्याचं आणखी दीड किलो. शिवाय जून २०२५ मध्ये वनाझ ते चांदणी चौक आणि रामवाडी ते वाघोली या विस्तारांना केंद्राची मंजुरी मिळाली आहे. ते झाले की तुमची दोन्ही टोकं आणखी आखूड होतील.

डिस्प्लेवरच्या बॅटरीच्या दांड्यांवर भरवसा ठेवू नका. चढावर त्या दोनवर येतात आणि सपाटीवर पुन्हा चार होतात, कारण त्या नुसता व्होल्टेज बघतात. आकडा दाखवणारा डिस्प्ले असेल तर सोपं आहे: ३६ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरल्यावर ४२ दाखवते, ३६ च्या आसपास आली की निम्म्याहून बरीच खाली गेलेली असते, ३३ दिसलं की घरी पोचायचं बघा.

आता सासूबाई. त्यांची भीती खोटी नाही, म्हणून ती उडवून लावू नका. लिथियमच्या बॅटरीला आग लागली तर ती वेगाने पसरते आणि विझवायला अवघड असते. पण ती आग उगाच लागत नाही. माझ्याकडे आलेल्या बिघडलेल्या बॅटऱ्यांची कारणं तीच तीच होती: हरवलेल्या चार्जरच्या जागी दुसराच बसवला, पडून आतले सेल चेपले, पावसाचं पाणी आत शिरलं, किंवा कुठून तरी स्वस्तात नवे-जुने सेल मिसळून बॅटरी बांधून घेतली. यातलं प्रत्येक टाळणं तुमच्या हातात आहे. घेताना सेल कुठल्या कंपनीचे ते लेखी मागा, आयएस १६०४६ या बॅटरी-सुरक्षेच्या भारतीय मानकाची तपासणी झालीय का विचारा. दुकानदार उत्तर टाळत असेल तर दुकान बदला.

घरात जागा अशी निवडा: फरशीवर किंवा कडप्प्यावर, सोफा-पडदे-गादीपासून लांब, गॅसपासून लांब, आणि मुख्य म्हणजे घराबाहेर पडायच्या वाटेवर नाही. बहुतेक जण दाराजवळच्या पॅसेजमध्ये चार्जिंगला लावतात, कारण तिथे प्लग असतो. दुर्दैवाने काही झालंच तर नेमकी बाहेर जायची वाट बंद होते. आल्या आल्या लावू नका, अर्धा तास थंड होऊ द्या, मे महिन्यात तर एक तास. दोन अँपिअरच्या चार्जरला तुमचा रोजचा खर्च भरून काढायला तीनेक तास लागतील. म्हणजे संध्याकाळी साडेसातला लावलं तर साडेदहाला झोपायच्या आत निघतं. रात्रभर लावून झोपायचं नाही, हा एक नियम सासूबाईंच्या हाती द्या. माझ्या आईला मी हेच काम दिलं होतं: दहा वाजले की ती येऊन सांगायची. तिची भीती दोन आठवड्यांत गेली, कारण बॅटरीवर तिचं लक्ष होतं. आणि हेही सगळ्यांना सांगून ठेवा की बॅटरीतून धूर, फुगवटा किंवा गोडसर उग्र वास आला तर ती हातात घेऊन पळायचं नाही. माणसं बाहेर, दार बंद, १०१ ला फोन.

विजेचं म्हणाल तर रोजचं पाव युनिटच्या थोडं वर, महिन्याला सहा-सात युनिट. लांब सुट्टीवर जाताना बॅटरी निम्मी भरलेली ठेवा, पूर्ण भरून नको आणि रिकामी तर मुळीच नको. ती म्हातारी झाली की भंगारवाल्याला देऊ नका. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, ज्यांनी विकली त्यांच्याकडेच परत न्या.

तीन मजल्यांवरचा उपाय सांगते म्हणाले होते. खाली बंद मीटर-खोली, वॉचमनची जागा किंवा जिन्याखालचा कोपरा असेल तर सायकल घडी घालून, खोळ घालून, कुलपासकट तिथे ठेवा आणि फक्त अडीच किलोची बॅटरी वर न्या. घडीमुळे ती जिन्याखाली मावते, हाच घडीचा उपयोग. सोसायटीशी आधी बोला. रिकाम्या जागेचं कुणाला तरी सोयरसुतक असतंच. हे जमलं तर तुमचा निम्मा प्रश्न सुटला आणि मग १८-१९ किलोची सायकलही चालेल.

पावसाळ्यात मी चालवते, मुसळधार असेल तो दिवस सोडून. ओल्या रस्त्यावर साधारण पाऊस या सायकलींना सोसतो. त्यांना मारतं ते साचलेलं पाणी आणि धुण्याचा फवारा. चाकाच्या मध्यावर मोटर आहे, पाणी त्या आसापर्यंत आलं की उतरा आणि दुसरी वाट घ्या. फवाऱ्याची गोष्ट माझ्या अंगावर आलेली आहे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये एका दुकानात सर्व्हिसिंगला दिली, त्यांनी मोटारसायकलसारखी जोराच्या पाण्याने धुतली, आणि तिसऱ्या दिवशी कंट्रोलर, म्हणजे मोटरला लागेल तेवढी वीज सोडणारी पेटी, गेला. उघडून बघितलं तर आत हिरवं पडलेलं. तेव्हापासून दुसऱ्याला धुवायला देत नाही, ओल्या फडक्याने पुसते. जून लागायच्या आधी तारांचे सगळे जोड उघडून त्यांत सिलिकॉन ग्रीस भरा. कंट्रोलरकडे जाणारी तार आधी खाली वळून मग वर जाईल अशी बांधा, म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी त्या वळणावरून टपकून जातं, आत जात नाही. ओलं होऊन घरी आलात की बॅटरी काढून तिचे आणि सायकलीकडचे, दोन्हीकडचे वीजजोडाचे पत्रे कोरडे करा, मगच चार्जिंग.

लहान चाक खड्ड्यात खोल शिरतं, हे मान्य करूनच चालवायचं. २६ इंची सायकल ज्यावरून जाते तिथे २० इंची आपटते. म्हणून टायर दोन इंच रुंदीचा घ्या आणि हवा ४५ ते ५० पीएसआय ठेवा. मोटारीच्या पंपावर भरू नका, ट्यूब लहान असते आणि एका क्षणात फुटते. हातपंप घरी असू द्या. टायरच्या कडेला ४०६ हा आकडा शोधा. तो मुलांच्या २० इंची सायकलींचाही माप आहे, त्यामुळे ट्यूब गल्लीतल्या दुकानात मिळते. ४५१ असेल तर पंक्चरच्या दिवशी गावभर फिराल.

मागच्या चाकात मोटर असेल तर पंक्चरवाला हात लावायला कचरतो. त्याला सांगा, चाक काढायचं नाही. टायर एका बाजूने सोडवून ट्यूब बाहेर ओढायची, पाण्यात बुडवायची, ठिगळ लावायचं, परत आत. दहा मिनिटांचं काम. चाक काढावंच लागलं तर अठरा नंबरचा पाना तुमच्या बॅगेत हवा, तो त्याच्याकडे नसतो. आणि काढण्याआधी दोन्ही बाजूंचा फोटो घ्या. आसाला एक हुकासारखा वॉशर असतो, तो आसाला फिरू देत नाही. तो उलटा बसला तर मोटरच्या जोराने आस फिरतो आणि तार पिळून तुटते.

बिजागऱ्यांबद्दल सर्वांत गंभीरपणे सांगते, कारण बाकी सगळं बिघडलं तर तुम्ही रिक्षाने घरी याल. घडीच्या सायकलीत दोन खटके असतात, एक मधल्या दांड्यावर, एक हँडलच्या बुंध्याशी. खटका बंद करताना तळहातावर त्याचा वळ उठला पाहिजे. सहज बंद होतोय म्हणजे सैल झालाय. एकदा नळ स्टॉपजवळ ब्रेक मारल्यावर माझं हँडल बोटभर पुढे सरकलं. खटका बंद होता, फक्त त्याची पकड गेली होती, आणि आधीचे चार दिवस येणारा कुरकुर आवाज मी मनावर घेतला नव्हता. आता रोज निघताना पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवते. पाच सेकंद लागतात. हँडलपाशी किंवा मध्ये टक् असं जरी जाणवलं तरी आधी ॲलन कीने बोल्ट एक-अष्टमांश फेरा कसते, मग निघते. खटक्याची दुसरी छोटी खिट्टी असते, ती लावल्याशिवाय पेडल मारायचं नाही.

घडीच्याच जागी तारा रोज वाकतात. दोन-तीन वर्षांनी बाहेरून धड दिसणारी तार आतून तुटते, डिस्प्ले मध्येच बंद पडतो आणि लोक कंट्रोलर बदलत बसतात. तिथे तारा आवळून बांधू नका, सैल वळण राहू द्या. डिस्प्ले गेला तर आधी घडीच्या जागची तार हलवून बघा. जागा झाला तर दुखणं तिथेच आहे.

कपड्यांचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते: ओढणी दोन्ही खांद्यांवरून मागे गाठ मारून, आणि साखळीवर पूर्ण झाकण असलेलीच सायकल. हेल्मेट, मागे लाल दिवा, उजवीकडे आरसा.

मी दर रविवारी सकाळी आठ ते अकरा पार्किंगमध्येच असते. निरोप ठेवलात तर पत्ता कळवते. माझी सायकल घेऊन वनाझपर्यंत जा, घडी घाला, लिफ्टने वर जा, खाली या. मग आमच्या जिन्याने तीन मजले चढून बघा, लिफ्ट आहे पण ती वापरू नका. येताना ऑफिसची बॅग डब्यासकट घेऊन या, रोज जेवढी भरलेली असते तेवढीच.